शेजारचा आकडा

"आकडा एकटा वाचायचा नाही, वेणू. आधी शेजारचा आकडा वाचायचा, मग हा."

ह्यांचा आवाज अजून जसाच्या तसा कानात आहे. पहिली पाळी करून आले की चहाचा कप बाजूला सारायचे, पेपरचं मधलं पान जमिनीवर पसरायचे, कापडी पुठ्ठ्याची लांबट वही काढायचे आणि निर्झरा केमिकल्सचा कालचा भाव लिहायचे. तारीख, त्यापुढे भाव. रोज एक ओळ. मी देवापुढे रोज एक माळ ओढते, तशी.

निर्झरा म्हणजे ह्यांची कंपनी, आनंदनगर एमआयडीसीतली. हे तिथे ऑपरेटर. चौऱ्याण्णव साली कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा कामगारांनाही शंभर-शंभर शेअर देऊ केले होते, चाळीस रुपयांना एक. बहुतेकांनी नको म्हटलं. ह्यांनी घेतले, आणि आनंदाभावजींनाही घ्यायला लावले. आनंदाभावजी ह्यांच्याच पाळीत हेल्पर. त्यांना त्या पैशांत टीव्ही घ्यायचा होता.

"टीव्ही दहा वर्षांत भंगारात जाईल रे," हे म्हणाले. "हा कागद किर्तीच्या कामी येईल." किर्ती म्हणजे त्यांची मुलगी. तेव्हा तीन वर्षांची.

"आणि भाव कोण बघणार? मला त्यातलं काय घंटा कळतंय! सॉरी हां वैनी."

"मी बघतो ना. तुझा न् माझा भाव एकच. एका वहीत दोघांचा."

शेजारचा आकडा म्हणजे काय, ते ह्यांनी मला पुढे कधीतरी समजावलं. इंग्रजी पेपरात कंपनीच्या नावापुढे कंसात एक बारीक आकडा असायचा. निर्झरापुढे दहा. "ही त्या शेअरवर छापलेली किंमत," हे म्हणाले. "उद्या कंसात दहाच्या जागी दोन दिसला, तर समजायचं की एका शेअरचे पाच केले. त्या दिवशी भाव धाडकन पाचावर एक दिसेल. घाबरायचं नाही. भाकरीचे पाच तुकडे केले म्हणून पीठ कमी होतं का? फक्त वहीतले मागचे सगळे भाव पाचाने भागायचे आणि मग आजच्याशी ताडायचे. नाहीतर तुझी वही तुलाच खोटं सांगेल."

मी हसले होते. म्हटलं, वही कशी खोटं सांगेल, तुमच्याच हातची आहे.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात ह्यांना कावीळ झाली आणि बारा दिवसांत सगळं आटोपलं. दवाखान्यात डोळे पिवळेजर्द झालेले. म्हणाले, "भाव लिहीत जा. खंड पाडू नकोस. आनंदाचाही आहे त्यात."

मी हो म्हटलं. माझ्या व्रतांमध्ये आणखी एक.

त्यानंतर घरी पेपर परवडेना. मी अंबरनाथ पूर्वेच्या वाचनालयात जाऊ लागले. सकाळी दहाला दार उघडलं की इंग्रजी पेपर मागायचा. मला इंग्रजी येत नाही. पण निर्झराची अक्षरं चित्रासारखी पाठ झाली होती. तिथला कारकून पहिल्या दिवशी म्हणाला, "आजी, हा इंग्रजी आहे, मराठी तिकडे." मी तेव्हा पंचेचाळीसची होते. पण पांढरं कपाळ आणि हातात वही बघून माणसं वय वाढवतात.

ह्यांच्या मागे माझे नेम वाढले, हे खरं. सकाळी तुळशीला पाणी, दत्ताची पोथी, सोमवार, एकादशी. आणि गुरुवारचं मौन. माझ्या वैष्णवीला चोविसावं लागलं तरी स्थळ जुळत नव्हतं. मग मी दत्तगुरूंना बोलले, हिचं लग्न पार पडेपर्यंत दर गुरुवारी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत एक शब्द बोलणार नाही. वैष्णवी उल्हासनगरला एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. ती म्हणाली, "आई, तू बाकीचे सहा दिवस तरी कुठे बोलतेस? देवाला कळेल का कुठला गुरुवार ते?"

दोन हजार पाच साली आनंदाभावजींच्या हृदयाची झडप पार खराब झाली. चार पावलं चालले की बसायचे. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात झडप बदलायची ठरली. निम्मा खर्च एका ट्रस्टने उचलला. उरलेले पंचेचाळीस हजार भरले की तारीख पक्की होणार होती. बनूबाईजवळ, म्हणजे त्यांच्या बायकोजवळ, विकण्यासारखं एकच होतं, तो शंभर शेअरचा कागद. सव्वीस जुलैला वालधुनी नदीचं पाणी त्यांच्या खोलीत छातीपर्यंत चढलं, तेव्हा बनूने दोनच वस्तू डोक्यावर धरून बाहेर काढल्या होत्या. बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या मागच्या बाजूला प्लास्टिकमध्ये चिकटवलेला हा कागद.

मी तिला भाव सांगत होते. चारशे सत्तर. चारशे नव्वद. गणपती गेले आणि भाव पाचशेच्या वर गेला. "आता विका," मी म्हटलं. "पंचेचाळीस भरून वर थोडे उरतील."

पण कागद बाजारात विकायचा तर तो आधी डिमॅट करावा लागतो, म्हणजे कॉम्प्युटरवर चढवावा लागतो, आणि त्याला महिना-दीड महिना लागतो. तेवढ्यात मुकेश आला. मुकेश निर्झराच्या ऑफिसात क्लार्क होता, मग नोकरी सोडून जुन्या कामगारांचे कागद रोखीने घेत फिरायचा. सगळ्यांना भाऊ, काकू. "कटकट कशाला, बनूबाई? मी देतो पाचशेच्या भावाने. गुरुवारी रोख घेऊन येतो." कंपनीकडून बनूला एक इंग्रजी पत्र आलं होतं, तेही तिने त्यालाच वाचायला दिलं. तो म्हणाला, सभेचं आमंत्रण आहे, चहा-बिस्किटं खायला जायचं असेल तर जा. माझ्याकडेही तसंच पत्र आलं होतं. मी ते इतर पत्रांबरोबर डब्यात ठेवून दिलं.

तो गुरुवार पितृपक्षातला. मी नेहमीप्रमाणे दहाला वाचनालयात गेले. निर्झराच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं.

आदल्या दिवशी पाचशे बारा रुपये चाळीस पैसे. आज एकशे तीन रुपये पंधरा पैसे.

मी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. मग ह्यांचा आवाज आला, आणि मी शेजारचा आकडा पाहिला. कंसात दोन. दहा नव्हता, दोन होता. भाकरीचे तुकडे झाले होते. मी वहीत एकशे तीन पंधरा लिहिलं आणि बाजूला पेन्सिलने बारीक दोन काढला. बनूला संध्याकाळी सांगू, असं ठरवलं. आणि उद्या उल्हासनगरच्या कॅम्प दोनला जाऊन ह्यांच्या ओळखीच्या शेअरवाल्या हासानंदशेठकडून खात्री करून घेऊ. घाई काय आहे.

घाई होती. दुपारी एक वाजता बनू दारात उभी. उल्हासनगरात ती जीन्सचे धागे कापायला जायची. तशीच, केसांत निळे तंतू घेऊन आलेली.

"वेणूताई, मुकेशभाऊ आलाय घरी. म्हणतो, भाव बसला. पाचशेचा शंभर झाला म्हणतो. आणखी खाली जाणार, कंपनी बुडाली. मी म्हटलं, खोटं बोलतोस मुडद्या. तर म्हणला, जा, वेणूकाकूंची वही बघून ये, ती बाई खोटं लिहायची नाही."

मी ओठ मिटलेले.

"अगं बाई, आज गुरुवार. तोंडाला कुलूप." ती मटकन उंबऱ्यावर बसली. "बोलू नका. नुसती वही दाखवा."

मी वही पुढे केली. बनूला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. कापलेल्या पॅन्टी मोजून मोजून आलेले. तिने कालचा आकडा वाचला. मग आजचा. दोन्हीवरून बोट फिरवलं. पेन्सिलच्या दोनवरूनही ते फिरलं आणि पुढे गेलं.

"खरंय हे?"

आकडा खरा होता. मी मान हलवली.

तिचा चेहरा पडताना मी बघितला. मग मी दोन्ही हात तिच्यापुढे आडवे हलवले. नको, नको. विकू नको, थांब. पुन्हा हलवले. ती माझ्या हातांकडे बघत राहिली आणि हळूहळू तिनेही तसेच हात हलवले.

"गेलं," ती म्हणाली. "संपलं सगळं. होय ना?"

मी मान जोरात हलवली, नाही, नाही. पण ती तोवर पदर तोंडाला लावून जिना उतरत होती.

मी गॅलरीत आले. ती खाली दिसत होती. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती एवढीच लांब. बनू, थांब. दोन शब्द. घशापर्यंत आले होते. मग मनात आलं, चौदावा गुरुवार. आज मोडला तर मागचे तेरा वाया. पितृपक्ष संपला की स्थळं येतील. दिवे लागायला पाच तास आहेत, पाच तासांत काय होतंय. मी आत आले आणि जपाला बसले. मणी पुढे सरकत होते. नाव कुणाचं घेत होते, ते आठवत नाही.

दिवा लावला आणि तशीच पूल ओलांडून पश्चिमेला त्यांच्या खोलीवर गेले. वाटभर वाक्य जुळवत होते. बनूने दार उघडलं. आनंदाभावजी भिंतीला उशी लावून बसलेले, किर्ती स्टोव्हपाशी अभ्यास करत होती.

"या ताई," बनू म्हणाली. "तुम्ही वही दाखवली म्हणून वाचले. मुकेशभाऊ म्हणतो, उद्या पन्नासवर येईल. त्याने शंभरने घेतले. दहा हजार दिले रोख, सही घेऊन गेला ह्यांची. बाकीचं बघू, माझा भाऊ आहे, कारखान्यात उचल मागते. निदान दहा तरी हातात आले."

माझं मौन सुटलं होतं. दिवे लागून अर्धा तास झाला होता. तरी तोंड उघडलं नाही. "बरं झालं" असंही मी म्हटलं नाही, देवाशपथ. पण दुसरंही काही म्हटलं नाही. बनूने चहा दिला. तो प्यायले.

दुसऱ्या दिवशी कॅम्प दोनला गेले. हासानंदशेठचं सूटिंग-शर्टिंगचं दुकान, मागच्या खोलीत शेअरचं ऑफिस. हे दर दिवाळीला त्यांना भेटायचे. मी वही पुढे ठेवली. शेठ वही बघून हसले.

"अरे साईं! राजेंद्रभाईची वही! भाभी, आप अजून लिहिता?" त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक हिरवी रेघ होती. चौऱ्याण्णवपासून आजपर्यंत चढत आलेली. "देखो, ही निर्झरा. यहाँ काल, यहाँ आज."

"पण पडला कुठे?" मी विचारलं. "माझ्या वहीत एवढा खड्डा आहे."

"पडलाच नाही, भाभी. कॉम्प्युटर मागचे सब भाव पाचने भागून दाखवतो. पाचशे बाराचा एकशे दोन अठ्ठेचाळीस. और बाद में एकशे तीन पंधरा. उलटा चढला! शंभरवाल्याचे पाचशे शेअर झाले. जिसके पास कागज है, मजे में है."

"आणि कागद विकला असेल तर? शंभराच्या भावाने, शंभर शेअर म्हणून?"

शेठचा चेहरा बदलला. "कोणी विकला?"

मी सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "सही केली? फॉर्मवर? मग तो माणूस पाचशे घेऊन गेला, भाभी. पन्नास हजारचा माल दहाला. लिखापढी में सब बरोबर है. कोर्टात कोण उभा राहणार?"

"माझे विका," मी म्हटलं. "आज. माझाही कागद आहे."

त्यांनी माझ्या पिशवीतला कागद उलटून पाहिला. "हा तर राजेंद्रभाईच्या नावावर. दोन वर्षं झाली, आप ने नाव नाही बदललं? मृत्यूचा दाखला, वारसाचं ॲफिडेव्हिट, वैष्णवीची ना-हरकत. दोन-तीन महिने तरी जातील."

मी नाव बदललं नव्हतं. ह्यांचं नाव कुठेतरी राहावं, एवढंच वाटलं होतं. फॉर्म भरले, अंगठ्यासारख्या माझ्या सह्या केल्या.

परतताना अंबरनाथच्या मंडईत मुकेश भेटला. भेंडी निवडत होता. मी हळूच म्हटलं, "मुकेश, तुला ठाऊक होतं. ते पत्र तूच वाचलंस."

त्याने भेंडीचं टोक मोडून पाहिलं. "काकू, मी कुणाला फसवलं? मी नुसतं म्हटलं, वही बघून या. वही तुमची. मान तुम्ही हलवलीत. बनूबाईने तुमच्या शब्दावर सही केली." मग हसला. "म्हणजे, शब्द नव्हता म्हणा."

तो गुरुवार त्याच्या लक्षात होता की नव्हता, देव जाणे.

घरी वैष्णवीला सगळं सांगितलं. ती चप्पल काढता काढता थांबली. "आई, तुझा देव तुला बोलू नको म्हणाला होता. खरं सांगू नको असं नव्हता म्हणाला."

नवरात्रात बदलापूरहून स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, माणसं साधी. पहिल्याच बैठकीत जमलं. माघातला मुहूर्त धरला. सगळे म्हणाले, वेणूचे गुरुवार फळले. मी पेढे वाटले. त्यातले थोडे स्टीलच्या डब्यात भरून आनंदाभावजींकडे गेले.

बनू कामावर, किर्ती शाळेत. ते एकटेच होते. पाय सुजून खांबासारखे झालेले, ओठ निळसर. इस्पितळाची तारीख टळली होती. बनूने उचल, भाऊ, भिशी सगळं धरून पंचवीस हजारांपर्यंत गाठलं होतं. मी पेढा पुढे केला. त्यांनी अर्धा मोडून घेतला.

"वैनी," ते म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा ना."

"त्या दिवशी... शेजारचा आकडा काय होता?"

हातातला पेढा तसाच राहिला. ह्यांनी त्यांनाही शिकवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या गेटबाहेर बसून, हे मला माहीतच नव्हतं.

"दोन," मी म्हटलं.

ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी. मी पाठीवर हात ठेवला. "च्यायला, राजा," ते वर बघून म्हणाले, "तुझी भाकरी रे. तुकडे करून दिलीस न् मीच आख्खी टाकून आलो. सही करताना मनात आलं होतं, वैनी. आकडा विचारावा. पण बनू रडत होती. म्हटलं, हिने वही बघितलीये."

"माझं चुकलं, भावजी. मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. माझे कागद निघाले की मी..."

"निघतील तेव्हा निघतील." त्यांनी दम घेतला. "बनूला आत्ता सांगू नका. ती मुकेशच्या दारात जाऊन रॉकेल ओतून घेईल, आणि मग किर्तीला कोण? माझं काय व्हायचं ते होऊन जाऊ दे. मग सांगा. पण सांगा, वैनी. तिला जन्मभर वाटायला नको की तिचं नशीबच एकशे तीनचं होतं. आणि पोरीला वही वाचायला शिकवा. राजाने शिकवली तशी. करा वादा."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "वचन."

कार्तिकात, दिवाळीनंतर बाराव्या दिवशी आनंदाभावजी गेले. बनूच्या गाठीला अडतीस हजार जमले होते.

मी त्यांच्या बुद्धवंदनेला गेले, मागे बसले. बनू माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार ताई, भावच पडला." सगळ्यांसमोर कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले. नंतर वाटलं, कागद हातात आल्यावर सांगू, रिकाम्या हाताने काय जायचं. कागद येईपर्यंत दुपारी वही घेऊन बसायचे आणि लाल शाईने एकेक जुना भाव पाचाने भागून शेजारी लिहायचे. चौऱ्याण्णवपासून अकरा वर्षं. चाळीसचे आठ. साठचे बारा. पाचशे बारा चाळीसचे एकशे दोन अठ्ठेचाळीस. खड्डा बुजत गेला. ह्यांच्या निळ्या अक्षराशेजारी माझं लाल. हिशेब संपला, तरी मी गेले नाही. रोज एक कारण सापडायचं. आज एकादशी, आज बस्ता, आज तिची रात्रपाळी असेल.

मार्गशीर्ष लागला तेव्हा टपालाने जाडजूड पाकीट आलं. पाच कागद, शंभर-शंभरचे, माझ्या नावाचे. मी ते देवामागे ठेवले. वैष्णवीच्या लग्नाचा हॉल, जेवण, सगळं त्याच्यावर होतं. दोन दिवस मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी घट मांडला, कलशावर नारळ ठेवला, पाच फळं लावली. दहाच्या सुमाराला दार वाजलं. किर्ती होती. हातात माझा स्टीलचा डबा, त्या पेढ्यांच्या वेळचा. कानाला काळा स्कार्फ बांधलेला, अंगावर शाळेचा स्वेटर.

"काकू, आईने डबा द्यायला सांगितला. हम लोग आज जा रहे... म्हणजे आम्ही आज दुपारी चाललो. सिन्नरला, मामाकडे. खोली सोडली. मामा बोलला, शाळा तिकडेच बघू." ती माझ्या मिटलेल्या तोंडाकडे पाहून जरा थांबली. "ओह. गुरुवार. असू दे काकू, बोलू नका. मी जाते."

पोर पाया पडली आणि गेली. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

मी घटासमोर बसले. समईची वात सरळ होती. माघाला दीड महिना उरला होता. आज बोलले तर नवस मोडणार. न बोलले तर दिवे लागेपर्यंत बनू सिन्नरच्या एसटीत असेल, आणि आपलं नशीब एकशे तीनचं होतं, हे गाठोड्यात बांधून घेऊन जाईल.

वैष्णवीची त्या दिवशी सुट्टी होती. ती केस पुसत बाहेर आली, तेव्हा मी देवामागून कागद काढत होते.

मी मोजलं. सध्याचा भाव एकशे अठरा आहे, पण तो धरायचा नाही. त्या गुरुवारचे शेअर मोजायचे. त्या दिवशी तिच्याकडे पाचशे होते आणि मोल मिळालं शंभराचं. चारशे माझ्या हाताने गेले. चार कागद मी वहीत ठेवले, हासानंदशेठनी दिलेल्या विक्रीच्या फॉर्मवर सह्या केल्या. पाचवा परत देवामागे ठेवला.

वैष्णवी बघत होती. हॉलचं तिलाही ठाऊक होतं. ती काही विचारायची वाट बघत मी उभी राहिले. तिने फक्त खुंटीवरची माझी शाल काढून हातात दिली.

"आई, पेन्सिल घे," ती म्हणाली. "किर्तीला शिकवायला लागेल."

मी पेन्सिल घेतली. घटाला नमस्कार केला. माफी मागितली नाही, काय मागावी ते सुचलं नाही. चपला घातल्या आणि दार लोटून घेतलं.

जिन्यात कुणी नव्हतं. आवाज निघतोय का ते बघावं म्हणून मी हळूच म्हणून पाहिलं, "बनू, शेजारचा आकडा दोन होता." घसा खरखरला, पण शब्द आले. वही छातीशी धरून मी पश्चिमेकडच्या पुलाच्या पायऱ्या चढू लागले.